न प्यायलेला चहा

खर्डेकर रुग्णालयात तागडी नावाची, कशाचा किती उपयोग ते मोजणारी यंत्रणा आली तेव्हा पहिले सहा महिने सगळे तिच्या प्रेमात होते. आल्या आल्या तिनं सतरा नंबरचा फॉर्म निकालात काढला. रुग्णाला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवताना हा फॉर्म भरायचा, त्यावर तिघांच्या सह्या घ्यायच्या, आणि तो कशासाठी भरायचा हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नसायचं. तागडीनं तो तीन दिवस बंद ठेवला, काय होतं ते पाहिलं आणि काहीच होत नाही असं जाहीर केलं. उरलेले गठ्ठे मुलांच्या वॉर्डात विमानं करायला दिले गेले.

मग तिनं आवारातल्या चिंचेखालचा सिमेंटचा बाक तीन दिवस दोरी बांधून बंद केला. लोक हसले. पण त्या तीन दिवसांत बाकावर बसणारे नातेवाईक बाह्यरुग्ण विभागाच्या दारात येऊन उभे राहिले, स्ट्रेचर अडकली, आणि हिशेब लागला की हा फुटका बाक तीन दिवसांत रुग्णालयाचे सहा तास वाचवतो. नवीन क्ष-किरण यंत्राला तेव्हा चार तास मिळाले होते. बाकाला रंग मिळाला.

ही तागडी चालवायची जबाबदारी तृप्ती सुतार हिच्याकडे होती. वय बत्तीस, हुद्दा संसाधन अधिकारी, आणि स्वभाव असा की घड्याळ बंद पडलं तर दुरुस्त करण्याआधी ते का बंद पडलं हे तिला कळायला हवं. कुणी विचारायचा अवकाश, ती तागडीचं तत्त्व समजावून द्यायला बसे. एखादी संस्था काय ठेवावं, काय सोडावं हे ठरवते तेव्हा एका पारड्यात खर्च टाकते, दुसऱ्यात फायदा. खर्चाचा आकडा मिळतो. फायद्याच्या बाबतीत मात्र आजवर सगळ्या संस्थांनी अंदाजपंचे कारभार केला, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा फायदा मोठा ठरला. तागडी अंदाज करत नसे. ती चिठ्ठी टाकून एखादी वस्तू, खोली, कागद किंवा माणूस तीन दिवस बाजूला काढी. खाटांखालचे संवेदक, दारं, लिफ्ट आणि कर्मचाऱ्यांच्या मनगटावरचे पट्टे यांवरून कोण किती खोळंबला ते मोजी. त्याच वेळी तिच्या पोटात या रुग्णालयाची एक हुबेहूब प्रतिकृती चालू असे, ज्यात ती वस्तू किंवा तो माणूस जागेवरच असे. खरं रुग्णालय आणि प्रतिकृती यांच्यातला तासांचा फरक, तोच त्याचा फायदा. ज्या गोष्टींवर जीव अवलंबून आहे त्यांना हात लावायची तिला मनाई होती. शिवाय कर्मचारी संघटनेनं भांडून एक अट घालून घेतली होती: विश्रांतीच्या वेळेत आणि हजेरीच्या आधी-नंतर मनगटावरचा पट्टा आंधळा राहील. माणूस चहा कसा पितो यावर यंत्रानं डोळा ठेवायचा नाही.

माणसाच्या नावाची चिठ्ठी निघाली की तीन दिवस भरपगारी घरी बसायला मिळे. तिला सगळे तागडीची रजा म्हणत. तृप्तीच्या आईला ती रजा भाद्रपदात मिळाली आणि तिनं घरातले सगळे डबे घासून काढले.

तृप्तीची आई, रंजना सुतार, याच रुग्णालयात प्रसूती विभागात परिचर होती. सत्तावीस वर्षं झाली होती. सगळे तिला रंजना मावशी म्हणत, थेट डॉक्टरांपर्यंत. तृप्तीनं शाळेचा अभ्यास प्रसूती विभागाबाहेरच्या व्हरांड्यात केला होता. पाढे पाठ करताना आतून कुणाचं तरी पहिलं रडणं ऐकू यायचं. आईला निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं होती. ती आणि तृप्ती मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत.

कार्तिकात विश्वस्तांनी तागडीला पहिला मोठा प्रश्न घातला. एका दात्यानं डायलिसिसची सहा यंत्रं देऊ केली होती. तालुक्यातले चव्वेचाळीस रुग्ण आठवड्यातून तीनदा एसटीनं सांगलीला जाऊन रक्त शुद्ध करून घेत, आणि परत येताना निम्मे उलट्या करत. कँटीनवाल्या बाबालालची बायको शकीला त्यांतलीच. यंत्रं फुकट होती, पण ती चालवायला सहा माणसं लागणार होती आणि पगारखर्च वाढवायचा नाही असं ठरलेलं होतं. म्हणजे असलेल्या तीनशे बारा जागांमधून सहा रद्द करायच्या. कोणत्या, ते तागडीनं सांगायचं.

यादी सोमवारी सकाळी आली. सर्वांत वर, एकेचाळीस तास फायद्याचे, भांडारपाल देशमाने. सर्वांत खाली:

रंजना सुतार, परिचर, प्रसूती विभाग. ०.० तास.

आईचा निकाल आपण पाहायचा नाही म्हणून भाद्रपदात तृप्तीनं तो उघडलाच नव्हता. आता तिनं पडदा बंद करून पुन्हा चालू केला. शून्य तसंच होतं. आईची नोकरी जाणार होती, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते कळलं त्याच क्षणी तिला कुतूहलही वाटलं. इतकं स्वच्छ शून्य तिनं कधी पाहिलं नव्हतं. बंद पडलेल्या वजनकाट्यालासुद्धा ०.३ मिळाले होते, कारण लोक त्याला टेकून बुटांचे बंद बांधत.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ अशी एक चौकट होती. चाचणीत काही गफलत झाली असेल तर कारण लिहून आकडा बदलायचा हक्क तृप्तीला होता. वर्षभरात तिनं तो दोनदा वापरला होता, दोन्ही वेळा वीज गेली म्हणून. आता तिनं बोट चौकटीवर नेलं. भाद्रपदात वीज गेली नव्हती हे तिच्याशिवाय कोण तपासणार होतं? पण खोटं कारण लिहिलं तर शून्य का आलं हे कायमचं गाडलं जाईल, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं. प्रामाणिकपणापेक्षा चौकसपणानंच तिला त्या दिवशी सावरलं, हे ती नंतर कबूल करायची. विश्वस्तांची बैठक गुरुवारी होती. तिच्या हातात तीन दिवस होते.

ती प्रसूती विभागात गेली. तिथल्या कुरणे सिस्टरना तिनं आडूनच विचारलं, भाद्रपदात मावशी नव्हत्या तेव्हा काम कसं झालं. झालं की, सिस्टर म्हणाल्या, सांभाळून घेतलं आम्ही. बाळांच्या आंघोळी त्यांनी स्वतः घातल्या होत्या, हजेरी लावण्याआधी एक तास येऊन. बाळंतिणींना गरम पाणी लिफ्टवाल्या मगदूम मामांनी पोचवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत. रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेतला इनामदार त्याच्या सुट्टीत स्वतः घेऊन वर आला होता. पहिलटकरणींचा हात धरून बसायला मात्र कुणी तरी सतत लागायचं, ते सगळ्यांनी आळीपाळीनं केलं होतं, चहाच्या सुट्टीत. तृप्तीनं विचारलं, पण का? सिस्टरनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

“मावशींच्या मागं काही बिघडलं असं कुणी म्हणायला नको म्हणून,” त्या म्हणाल्या. “त्या आमच्यासाठी कमी करतात का?”

जिना उतरता उतरता तृप्तीला सगळं लख्ख दिसलं. आई रजेवर असल्यानं पडलेला खड्डा लोकांनी भरला होता, आणि भरायची माती आणली होती ती नेमकी अशा जागेतून, जिथं तागडीला दिसत नव्हतं. आंधळ्या पट्ट्यांच्या वेळेतून. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तिला शून्यावर आणलं होतं. उलट देशमान्यांच्या किल्ल्या देशमान्यांच्या खिशात. कोणती वस्तू कोणत्या कपाटात हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून ते तीन दिवस गेले तेव्हा अख्खं रुग्णालय भांडाराच्या दाराशी ताटकळलं. एकेचाळीस तासांची बातमी कानावर आल्यावर त्यांनी पेढे वाटले होते. तृप्तीनंही एक खाल्ला होता.

पण कळणं निराळं आणि दाखवणं निराळं. विश्वस्तांना आकडा लागतो. तिच्या डोक्यात एकच मार्ग आला: चाचणी पुन्हा घ्यायची, आणि या वेळी कुणी सांभाळून घ्यायचं नाही असं सगळ्यांना बजावायचं.

संध्याकाळी आई पावटा सोलत बसली होती. तृप्ती समोर बसली, चार शेंगा सोलल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. यादी, शून्य, पुन्हा चाचणी. बोलता बोलता तिचा आवाज अधिकाऱ्यासारखा व्हायला लागला, कारण आईसमोर रडू येईल अशी तिला भीती वाटत होती.

आईचे हात थांबले नाहीत.

“शून्य म्हंजे काहीच न्हाई?” तिनं विचारलं.

“तसं नाही गं आई. तागडीला दिसलं नाही, एवढंच.”

“सत्तावीस वर्षं झाली की गं.” आईनं पदरानं नाक पुसलं. तिला लागलं होतं, आणि ते तिनं लपवलंही नाही. मग तिनं पुन्हा चाचणीचं नीट विचारून घेतलं. म्हणजे ती तीन दिवस नसणार, आणि कुरणे सिस्टर बघत उभ्या राहणार, पण मदत करणार नाहीत, असंच ना? तृप्ती म्हणाली, साधारण तसंच.

“मग ते नगं,” आई म्हणाली. “माझी किंमत दाखवायला कुणाचं लेकरू तीन दिवस ओल्यात ठिवायचं व्हय? त्यापरीस शून्य ऱ्हाऊ दे.”

तृप्तीनं समजावून पाहिलं. नोकरी जाईल, याच महिन्यात जाईल. आई म्हणाली, जाऊ दे, घरी पावटा सोलीन. पण असं म्हणताना तिनं सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि मग एकेक वेचत बसली. तृप्तीला ते बघवेना.

मंगळवार विचारात गेला. नुकसान झाल्याशिवाय तागडी काही मोजू शकत नव्हती, आणि नुकसान होऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. तृप्तीला पहिल्यांदाच वाटलं, की ज्या संस्थेत माणसं एकमेकांना धरून आहेत तिथं हे यंत्र कच्चं पडतं, आणि जिथं कुणी कुणाचं नाही तिथं ते अचूक चालतं. पण एवढं बोलून भागणार नव्हतं. सांभाळून घेतल्याचा कुठे तरी वण राहिलाच असला पाहिजे. लोकांनी काही तरी दिलं होतं, म्हणजे त्यांच्याकडचं काही तरी कमी झालं होतं. काय कमी झालं होतं?

बुधवारी दुपारी ती कँटीनमध्ये चहा घेत बसली. खर्डेकरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला रोज दोन पितळी बिल्ले मिळत. बिल्ला डब्यात टाकायचा आणि चहा घ्यायचा. ही चाल रुग्णालय सुरू झालं तेव्हापासूनची. रोज संध्याकाळी बाबालाल डब्यातले बिल्ले मोजी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिही, दुसऱ्या दिवशी दूध किती घ्यायचं ते ठरवायला. तृप्ती हे लहानपणापासून बघत आली होती, म्हणूनच तिनं ते कधी पाहिलं नव्हतं.

आज ती उठली आणि भाद्रपदाच्या पानाकडे गेली. रोजचे आकडे दोनशे दहा-बाराच्या आसपास. आईच्या रजेचे तीन दिवस: एकशे एकतीस. एकशे सव्वीस. एकशे अडतीस.

“ते तीन दिवस नका काढू,” बाबालाल गल्ल्यावरून म्हणाला. “दूध नासलं माझं. कुणी फिरकलंच न्हाई. मला वाटलं, चहा बिघडला का काय.”

तृप्तीनं त्याला खाली बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. कॅलेंडर हवं होतं, वर्षभराचं. पण हे कॅलेंडर विश्वस्तांसमोर गेलं तर यादी बदलेल, सहा जागा सुटणार नाहीत, आणि डायलिसिसची यंत्रं कदाचित लांबणीवर पडतील, हेही तिनं सांगितलं. शकीलाभाभी त्या दिवशी सांगलीलाच गेल्या होत्या. बाबालाल काही वेळ ओट्यावर सांडलेली साखर बोटानं गोळा करत राहिला. मग स्टुलावर चढला आणि खिळ्यासकट कॅलेंडर उतरवलं.

“आमच्या तिन्ही पोरांना पहिलं पाणी तुमच्या आईनं घातलंय,” तो म्हणाला. “न्या.”

त्या रात्री तृप्तीनं तागडीच्या प्रत्येक चाचणीच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. यादीतल्या तळाच्या सहा जणांपैकी चौघांच्या रजेत चहा घसरला होता. दोघांच्या रजेत काडीचा फरक नव्हता. त्या दोघांची नावं तिनं तशीच ठेवली, आणि तसं करताना तिला वाईट वाटलं. देशमाने नसताना तर चहा दोनशे अडुसष्टवर गेला होता. किल्लीची वाट बघत बसलेली माणसं दुसरं काय करणार?

गुरुवारच्या बैठकीत प्रमुख विश्वस्त डॉ. वैजयंती पाटणकर यांनी आधी टेबलावरच्या तेलकट कॅलेंडरकडे पाहिलं, मग तृप्तीकडे. यादीत तृप्तीची आई आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं. तृप्ती म्हणाली, म्हणूनच आकडे तुम्ही स्वतः मोजा. मग तिनं मांडलं: तीन दिवसांत दोनशे एक्केचाळीस चहा प्यायले गेले नाहीत. एका चहाची सुट्टी दहा मिनिटं. म्हणजे चाळीस तास लोकांनी आपल्या विसाव्यातून काढून एका परिचराच्या जागी ओतले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. हा फायदा नसेल तर फायदा कशाला म्हणायचं ते विश्वस्तांनी सांगावं.

डॉ. पाटणकरांनी खोदून खोदून विचारलं. पाऊस होता का, सण होता का, दूध खराब होतं का. तृप्तीकडे उत्तरं होती. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि यंत्रं? ते चव्वेचाळीस जण?”

तृप्ती रात्रभर त्याचाच विचार करत होती. देशमाने एकेचाळीस तास वाचवतात असं आपण वाचलं, ती म्हणाली, पण ते एकेचाळीस तास त्यांच्या कुलपाचे आहेत. ते हजर असतानाही रोज दोन माणसांचा अख्खा दिवस भांडाराच्या दाराशी जातो. कपाटं उघडी करा, यादी भिंतीवर लावा, ती दोन माणसं मोकळी होतील. दोन ही, दोन यादीतली. चार यंत्रं पुढच्या महिन्यात सुरू होतील. दोन थांबतील.

तसं ठरलं. देशमान्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पंचवीस वर्षांपूर्वी भांडारातून सलाईनची खोकी गेली होती आणि आळ त्यांच्यावर आला होता, हे तृप्तीला नंतर कळलं. पेढा आठवून तिला अपराधी वाटलं. रंजना मावशींना नोकरी टिकल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, की माझ्यापायी सगळ्यांचा चहा राहिला व्हय? दुसऱ्या दिवशी त्या कुरणे सिस्टर, मगदूम मामा आणि इनामदार यांच्यासाठी घरून गवती चहा घातलेल्या चहाचा थर्मास घेऊन गेल्या. शकीलाभाभींचा नंबर चौथ्या यंत्रावर लागला.

तागडीत तृप्तीनं एक नवा रकाना घातला, त्याला नाव दिलं ‘न प्यायलेला चहा’. बिल्ल्यांवर नाव नसायचं, त्यामुळे संघटनेनंही हरकत घेतली नाही. आणि माघात, चिठ्ठी टाकता टाकता, तागडीनं तृप्तीलाच तीन दिवस घरी बसवलं.

तिला वाटलं होतं मजा येईल. पण तीन दिवस ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. आपण नसताना काय होत असेल? कुणी चहा सोडत असेल का? संध्याकाळी आई आली की ती आडून विचारी, आणि आई म्हणे, काही न्हाई, सगळं झ्याक चाललंय. तिला ते ऐकून बरं वाटत नसे.

सोमवारी ती कचेरीत न जाता आधी कँटीनमध्ये गेली आणि कॅलेंडरसमोर उभी राहिली. दोनशे अकरा. दोनशे नऊ. दोनशे तेरा. रोजच्यासारखेच. एवढा चढउतार तर वाऱ्यानंही होतो. बरोबरच आहे, तिनं स्वतःला समजावलं, माझं काम तीन दिवस थांबू शकतं. तरी तिनं तिन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले.

बाबालालनं तिच्यासमोर दोन कप ठेवले. एक तुमचा, तो म्हणाला, आणि हा आईला द्या. तिन्ही दिवस दुपारच्या चहाला त्या आल्या नव्हत्या.

तृप्ती दोन्ही कप घेऊन कचेरीत आली. खुर्ची टेबलाच्या बाहेरच्या बाजूला, दाराजवळ सरकवलेली होती. टेबलावर एक पाठकोरा कागद होता, आणि त्यावर आईच्या वेड्यावाकड्या अक्षरात अकरा ओळी. मगदूम, पट्टा टोचतो म्हणत्यात, सोमवारी या म्हणून सांगितलं. बाह्यरुग्णची पोरगी, रजा पाहिजे, रडत होती, पाणी दिलं. अशाच पुढे. शेवटची ओळ होती: देशमाने आले, काम सांगितलं न्हाई, दहा मिनिटं बसून गेले.

तिनं पडदा चालू केला. तागडीचा निकाल आलेला होता. रोजचा एक चहा कमी झाला तर तागडीच्या लेखी तो फरकच नव्हता.

तृप्ती सुतार, संसाधन अधिकारी. ०.० तास.

दुरुस्तीची चौकट कोपऱ्यात उघडीच होती. तृप्तीनं तिच्याकडे पाहिलं, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि चहा निवायच्या आत प्रसूती विभागाचा जिना चढायला लागली.